संत्र्याच्या बगीच्यात पाहुणे ठेवायचे असतील तर

खोल्यांचा नकाशा काढायच्या आधी मे महिन्यातले चार दिवस आणि ऑगस्टातले चार दिवस शेतावर मुक्काम करून बघा. डिसेंबरात कोणाचंही शेत देखणं दिसतं. सकाळचं धुकं, झाडाला लागलेली केशरी फळं, चुलीचा धूर. ते बघून निर्णय घेतलेली माणसं पुढच्या उन्हाळ्यात खोल्यांना कुलूप घालून नागपूरला परत जाताना मी पाहिली आहेत. मेमध्ये पारा ४५-४६ ला टेकतो तेव्हा दर खोलीतल्या कूलरच्या टाकीत पाणी घालायचं असतं, आणि ऑगस्टात चिखलात रुतलेली पाहुण्याची गाडी ट्रॅक्टरने ओढायची असते. हे झेपणार असेल तर पुढचं वाचा.

आमचा बगीचा काटोल तालुक्यात. खोल्या चार. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेती बघतात, नवरा हिशेब आणि बुकिंग बघतो, उरलेलं सगळं माझ्याकडे. या धंद्यातली माझी सल्लागार आहे माझी नणंद, आणि ती राहते इटलीत, उम्ब्रियात. त्रासिमेनो तळ्याच्या बाजूला तिच्या सासरची ऑलिव्हची शेती आहे आणि जुन्या दगडी घरात पाहुण्यांच्या खोल्या. उन्हाळ्यात तिच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात. ती स्वयंपाक करता करता फोन लावते, मी दिवसभराचं आवरून ओसरीत बसलेली असते. आमचं निम्मं बोलणं चादरी, तुंबलेलं गटार आणि कामाला माणूस न मिळणं यावर होतं. इटलीतलं गेस्टहाउस म्हटलं की लोकांना वाइन आणि सूर्यास्त दिसतो. ती म्हणते, "वहिनी, सूर्यास्त पाहुणे बघतात. मी त्या वेळी कांदे चिरून राहिलेली असते."

शेती आधी, पाहुणे मागून

इटलीत शेतावर पाहुणे ठेवण्यासाठी १९८५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि २००६ मध्ये तो नव्याने केला गेला. त्यातली मोठी अट अशी की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणे त्याला जोड म्हणून. जेवणातही मुख्यत्वे स्वतःच्या शेतातलं आणि त्याच भागातल्या शेतकऱ्यांचं वाढायचं. आपल्याकडे महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. पण कायदा बाजूला ठेवला तरी ही अट स्वतःला घालून घ्यावी असं माझं मत आहे. बगीच्याकडे दुर्लक्ष झालं की डिंक्या आणि कोळशी हे रोग झाडं खातात, आणि दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे उरतं ते हायवेपासून लांब असलेलं एक लॉज. तिथे कोण येणार?

म्हणून आधी बहाराचं गणित पाहुण्यांच्या गणितासोबत मांडा. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतं. मृग बहाराची फुलं जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाहुण्यांना फळं हवी असतात नाताळच्या सुट्टीत, आणि नेमकी तेव्हा आंबियाची तोड संपलेली किंवा संपत आलेली असते. शिवाय व्यापाऱ्याने बाग उक्ती घेतली की झाडावरचं प्रत्येक फळ त्याचं. पाहुण्याच्या लेकराने दोन संत्री तोडली तरी त्याचा माणूस तोंड वाकडं करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. उपाय सोपा: सौदा करतानाच खोल्यांजवळच्या दोन ओळी वगळून ठेवा आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका. त्या दोन ओळी पाहुण्यांसाठी.

तोडायला मात्र कात्री द्या आणि कशी धरायची ते स्वतः दाखवा. शहरातली माणसं संत्रं धरून ओढतात. ओढलं की देठाजवळची साल निघते आणि ते फळ पिशवीत बाकीची फळं सडवतं. देठाचा बारीक तुकडा फळाला राहील असं कापायचं. एकदा दाखवलं की लहान मुलंसुद्धा नीट कापतात, मोठ्यांनाच दुसऱ्यांदा सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट ताणाची. आंबियाची फुलं यावीत म्हणून डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. पाहुण्याला वाटतं बगीचा मेला. एका पुणेकर काकूंनी तर रात्री गुपचूप बादलीने दोन झाडांना पाणी घातलं होतं! दयेपोटी केलं, रागावणार कसं? तेव्हापासून पाहुणे आले की चहासोबतच ताणाची गोष्ट सांगते. ऐकून घेतात, आवडीने ऐकतात आणि घरी गेल्यावर दुसऱ्यांना सांगतात. जाहिरातीच्या पाटीपेक्षा या पाच मिनिटांनी माझ्याकडे जास्त लोक आले असावेत.

पाणी

पाण्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण धंदा बुडतो तो इथे.

शहरात माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, हॉटेलच्या खाटेमागे १८०. चार खोल्यांत दहा माणसं असली तर रोजचे साडेतेराशे ते अठराशे लिटर होतात, आणि त्यात चादरी धुण्याचं, स्वयंपाकाचं आणि कूलरचं पाणी धरलेलं नाही. मेमध्ये एक डेझर्ट कूलर दिवसातून दोन-तीनदा टाकी रिकामी करतो. त्याच मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला असतो. तेव्हा खोल्या किती बांधायच्या ते मेमधली विहीर बघून ठरवा. बँकेचं कर्ज किती मिळतं हा प्रश्न त्यानंतरचा.

शेतीपंपाच्या लाइनवर खोल्या चालवू नका. ती वीज ठरावीक तास येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि ते जोडणं नियमातही बसत नाही. खोल्यांना वेगळा मीटर घ्या. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि कूलर चालतात, एसी चालत नाही. मी एसी लावलाच नाही. खसच्या ताट्या, जाड भिंती आणि दुपारी बारा ते पाच खिडक्या बंद, यावर नागपूरकरांच्या कैक पिढ्या निघाल्या. मुंबईच्या पाहुण्याला खिडकी बंद ठेवायचं पटत नाही. तो "हवा येऊ द्या" म्हणून उघडतो आणि लू आत घेतो. खिडकीवरच चिठ्ठी चिकटवा.

गच्चीवरची काळी टाकी उन्हाळ्यात गोणपाटाने गुंडाळून वर सावली करा, नाहीतर दुपारी नळाला कढत पाणी येतं आणि हात भाजतो. हिवाळ्यात उलटा त्रास. रात्री पारा दहाच्या खाली गेला की सगळ्यांना सकाळी आठलाच गरम पाणी हवं असतं. सौर बंब घ्या, पण बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतो. वर्षातून एकदा साफ करून घ्यावाच लागतो. नणंदेकडेही हीच रड आहे. तिच्या भागातलं पाणी चुनखडीचं, कपडे धुण्याचं मशीन आणि किटली सारखी पांढरी पडते. शॉवरच्या जाळीसाठी तिचा उपाय मी उचलला: रात्री पिशवीत व्हिनेगर घालून ती शॉवरला बांधून ठेवायची, सकाळी घासायची. इथे व्हिनेगर महाग वाटलं तर लिंबाचा रस चालतो.

सेप्टिक टँकचं एकच सांगते. मैला उपसणारी गाडी तिथपर्यंत पोचेल अशा जागी खोदा. झाडांच्या मधोमध खोदलेला टँक पुढे कोणी उपसायला तयार होत नाही.

चादरी

पांढऱ्याच घ्या. रंगीत चादरीवर डाग झाकतो असं वाटतं, पण पाहुण्याला तिच्यावर विश्वास नसतो, आणि ती उकळत्या पाण्यात टाकता येत नाही. दर खाटेमागे तीन संच: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो, कारण कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. मामाजी दर जुलैत दोरीकडे बघून विचारतात, "काऊन बाई, अजून वाळून नाही राहिल्या का?" नाही राहिल्या, मामाजी.

आपल्याकडचे डाग तीन. एक काळ्या मातीचा. तो ओला असताना अजिबात चोळू नका, वाळू द्या, ब्रशने झटका, मग धुवा. दुसरा रश्श्याच्या तेलाचा. त्यावर आधी भांड्याचा साबण, मग धुणं. तिसरा हळदीचा, आणि हा लोकांना घाबरवतो. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो. नवीन कामाला लागलेली बाई हमखास ओरडते, "ताई, रक्त लागलं!" घाबरू नका. साबण पूर्ण काढा आणि चादर ओलीच थेट उन्हात टाका, डागाची बाजू वर करून. सकाळी नऊला टाकलेली चादर बाराला बघा, लाल जाऊन पिवळं राहिलेलं असतं. तीनला पिवळंही विरतं. राहिलंच तर पाणी मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. डाग जायच्या आधी इस्त्री मात्र फिरवू नका. नणंदेकडे हळदीऐवजी रेड वाइन आणि ऑलिव्हचं तेल, आणि हिवाळ्यात धुक्यामुळे कपडे माळ्यावर वाळवायचे. नागपूरच्या उन्हाचा हेवा करणारी ती मला माहीत असलेली एकमेव बाई.

माणसं

पाहुण्यांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कापसाची वेचणीही तेव्हाच. वेचणीला किलोवर पैसे मिळतात आणि चांगला हात असलेली बाई दिवसभरात झाडलोटीच्या रोजीपेक्षा जास्त कमावते. ती तुमच्याकडे फरशी पुसायला का येईल? दिवाळीच्या तोंडावर रोजी वाढवून भागत नाही. आमच्याकडे दोघी जणी महिना पगारावर आहेत, बारा महिने, रिकाम्या पावसाळ्यातही. पावसाळ्यात काम कमी असतं, पगार तोच. हा खर्च जड वाटतो, पण डिसेंबरात चारही खोल्या भरलेल्या असताना तुम्ही एकटीने आठ गाद्या झटकल्यात की त्याची किंमत कळते. शिवाय पोळा, तान्हा पोळा आणि लग्नसराई धरून सुट्ट्या आधीच ठरवा. तान्ह्या पोळ्याला लेकराचा लाकडी बैल सजवायचा सोडून आई कामाला येणार नाही, आणि येऊही नये.

नणंदेची अडचण तशीच. ऑलिव्हची तोड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाहुणे असतानाच. आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिकडे सगळा देश सुट्टीवर जातो. खोल्या गच्च भरलेल्या असतात आणि नळ फुटला तर प्लंबर समुद्रावर असतो. त्यामुळे वॉशर बदलणं, फ्यूज घालणं, कमोडची टाकी जुळवणं ही कामं ती स्वतः शिकली. तुम्हीही शिका. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणताही मिस्त्री फोन उचलत नाही.

जेवण

मेनू कार्ड छापू नका. जे शेतात आहे आणि घरात रोज होतं तेच वाढा, फक्त नीट वाढा. आमच्याकडे सकाळी तर्री पोहे, दुपारी वरण-भात, भाकरी, झुणका किंवा पाटवडी, आणि मुक्कामाच्या एका रात्री रोडगे. रोडग्यांना पीठ जाडसर दळलेलं हवं. गोवऱ्या जेवणाच्या दीड तास आधी पेटवा, ज्वाळा संपून नुसता निखारा झाला की मगच रोडगे टाका, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. सोबत वांग्याची भाजी आणि भरपूर तूप. तूप मोजून वाढणाऱ्याने या धंद्यात पडू नये.

सावजी सगळे मागतात. मी करत नाही. ज्याला सावजी हवं त्याने नागपुरात खाऊन यावं. तिखटाचं आधी विचारा, आणि "आम्ही खातो तिखट" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. तर्री वेगळ्या वाटीत द्या.

संत्र्याचा रस आधी काढून ठेवला की कडवट होतो, आणि बिया चिरडल्या तर जास्तच. मिक्सर टाळा, हाताच्या यंत्रावर पिळा, तेही पाहुणा टेबलावर बसल्यावर.

रस्ता, रानडुकरं आणि बाकीचे रहिवासी

फोनवरचा नकाशा पाहुण्याला जवळच्या पांदण रस्त्याने आणतो. जवळचा खरा, पण पहिल्या पावसात काळ्या मातीत चाक अर्धं जातं. रस्ता स्वतः लिहून पाठवा, खुणा सांगून: कोणतं वळण, कोणती पाण्याची टाकी, कुठलं देऊळ. आणि तेवढ्या पांदणीवर मुरूम टाका.

रानडुकरं इथेही आहेत आणि उम्ब्रियातही. एका रात्रीत लॉन नांगरून जातात. सौर कुंपण लावलं असेल तर पाहुणा आला की पहिल्या दहा मिनिटांत तार दाखवून सांगा, मुलांना वेगळं सांगा. त्याचा झटका तुटक असतो, जिवावर बेतत नाही, पण रडारड होते. तारेत थेट मेन लाइनचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, शेजारी करत असला तरी तुम्ही करू नका.

खोल्यांच्या भिंतीला लागून लाकडं, विटा, पऱ्हाट्या रचू नका. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बूट घालायच्या आधी झटकायला सांगा, विंचवासाठी. वनविभागाची १९२६ आणि रुग्णवाहिकेची १०८ ही हेल्पलाइन दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं ते हंगामाआधी जाऊन विचारून या.

वाघाचं खोटं सांगू नका. आमच्याकडून पेंच लांब पडतं, वर्धा जिल्ह्यातला बोर व्याघ्र प्रकल्प त्यामानाने बरा. ज्याला रोज पहाटे सफारीच करायची आहे त्याला मी सरळ सिल्लारीकडे राहायला सांगते. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी ठेवून तारे बघायची जागा, म्हणून मान मिळाला, त्यामुळे रात्रीही बघायला काही आहे. आमच्याकडे राहणाऱ्यांसाठी धापेवाड्याचा विठोबा आणि अदाशाचा गणपती पुरेसा असतो.

कागद

यात वेळ घालवू नका, पण टाळूही नका. पर्यटन विभागाची नोंदणी, ग्रामपंचायतीचा कागद, जेवण देत असाल तर अन्न नोंदणी, प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि रजिस्टर. परदेशी पाहुणा आला तर सी-फॉर्म म्हणतात ती माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. रात्री अकराला पाहुणा आला तरी पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो लगेच काढून घ्या. इटलीतही मुक्कामाची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरावी लागते, सहसा २४ तासांत. नणंद तर म्हणते की तिच्या कांदे चिरण्याच्या वेळेतला निम्मा वेळ त्या पोर्टलचा.

कोणाला नाही म्हणायचं

"आम्ही दहा-बारा पोरं आहोत, फक्त ३१ डिसेंबरची रात्र" असा फोन आला की खोल्या भरल्या आहेत. परवान्याशिवाय दारू देता येत नाही, रात्रभर स्पीकर लावता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायचं असतं. आगाऊ रक्कम यूपीआयवर घेतल्याशिवाय खोली अडवू नका. ऑनलाइन साइट्स कमिशन कापतात, तेव्हा दुसऱ्यांदा येणाऱ्याला थेट फोन करायला सांगा आणि फरकातली थोडी रक्कम त्याला सोडा.

आणि नातेवाईक. याबद्दल कोणी लिहीत नाही. मामेभावाचा साडू चार माणसं घेऊन येतो तेव्हा पैसे मागायचे कसे? आमचा नियम: नातेवाईक आमच्या घरात उतरतात, आमच्या खाटांवर, आमच्यासोबत जेवतात, एक रुपया नाही. पाहुण्यांच्या खोलीत उतरायचं तर पूर्ण दर. नियम झाल्यावर दिवाळीत दोन लोक रुसले, बाकीच्यांना घरात उतरणंच आवडतं असं निघालं.

पावसाळ्यात दोन खोल्या बंदच ठेवा. कूलरला गार करता येत नाही इतकी हवा दमट असते, आणि तेव्हा येणारा पाहुणा सहसा पुन्हा येत नाही. त्या महिन्यांत गाद्या उन्हाच्या प्रत्येक तासाला बाहेर काढा, दारांना तेल द्या, भिंतीची ओल बघा, टाक्या धुऊन घ्या. टाकी धुताना हवेच्या पाइपवरची जाळी फाटली आहे का तेवढं हात लावून बघा. बेडूक तिथूनच आत शिरतात.